कोपऱ्यातली गोलाई

ताईचं डोकं फिरलं ते स्पिंडलच्या कोपऱ्यावरून नख फिरवल्यावर. गोलाई नव्हतीच तिथे! नख खटकन अडकलं.

"अरे, इथली गोलाई कुणी खाल्ली?" ती वर्कशॉपभर ऐकू जाईल अशी ओरडली.

लेथपाशी उभ्या धाकट्या भावानं मानही वर केली नाही. "कुणी म्हणजे? मीच. बेअरिंग स्पिंडलच्या खांद्याला टेकत नव्हतं. कोपरा साफ केला, टेकलं."

साफ केला म्हणे! अण्णांच्या जुन्या गाडीला डिस्क ब्रेक बसवायचे म्हणून पुढच्या चाकांचे हे दोन स्पिंडल ताईनं स्वतः डिझाइन केले होते, सहा आठवडे मान मोडून. चाक ज्या पोलादी दांड्यावर फिरतं, तो जाड खांद्याला जिथे मिळतो तिथे तीन मिलीमीटरची गोलाई तिनं मुद्दाम ठेवली होती. तो कोपरा धारदार राहिला की सगळा ताण तिथेच येतो, बारीक तडा जातो, आणि एक दिवस चाक एकीकडे, गाडी दुसरीकडे. आणि रविवारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा ही गाडी घाटातून नेणार होते! महिनाभर त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

"माणूस मेला असता, कळतंय का तुला? आपला बाप!"

"गोलाई ठेवली असती तर बेअरिंग लटपटलं असतं."

"अक्कल काय गहाण टाकली होतीस?"

तिनं दोन्ही स्पिंडल एकेक करून वाइसच्या जबड्यात आवळले आणि ग्राइंडरनं मधोमध कापून टाकले. चुकूनही कुणी ते गाडीला लावू नयेत. धाकटा बघत राहिला. तीन आठवडे राबला होता तो त्यांच्यावर.

तुकडे पडल्यावर त्यानं खण ओढला आणि एक पोलादी कडी तिच्यासमोर आपटली.

कडीच्या आतल्या कडेला उतार होता. ताईला बघताक्षणी कळलं. ही खांदा आणि बेअरिंगच्या मध्ये घातली की गोलाई त्या उतारात बसली असती, बेअरिंग कडीला टेकलं असतं. सगळंच निभावलं असतं.

"ही कधी केलीस?"

"कोपरा कापायच्या आदल्या दिवशी. लावू का विचारायला तीनदा फोन केला. काय म्हणालीस? 'बेअरिंग टेकलंच पाहिजे, ड्रॉइंगमध्ये नाही ते लावायचं नाही. डोकं मी चालवलंय, तू लेथ चालव.'"

"मग गोलाई होती की ड्रॉइंगमध्ये!"

"बेअरिंग टेकणंही होतं. पण बेअरिंगची कड तुझ्या गोलाईवर अडत होती. दोन्ही जमत नव्हतं, ताई. ते बेअरिंग तू एकदा तरी हातात घेऊन मोजलंस?"

नव्हतं मोजलं. माप कॅटलॉगमधून उचललं होतं, आणि फोनवर ती अगदी तसंच बोलली होती. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली तिला.

तिनं ड्रॉइंग पुढे ओढलं, पेन्सिल घेतली. "कडी किती जाडीची?"

"ड्रॉइंगमध्ये बघ."

"ड्रॉइंगमध्ये नाहीये," ती दात आवळून म्हणाली. "म्हणून तुला विचारतेय."

त्यानं फडक्याला हात पुसले.

"सहा मिलीमीटर," तो म्हणाला. "आणि रविवारचं रद्द झालं, हे अण्णांना तू सांगायचंस."