भोंग्याचा आवाज

दोनदा नापास झाले होते मी. या खेपेला सराव-पाठात गटांगळी खाल्ली असती, तर संगीत शिक्षिका होणं कायमचं संपलं असतं. मार्गदर्शक बाई दुसऱ्या गावी. वर्गात व्हिडिओ कॉल लावून फोन तिपाईवर ठेवायचा, इअरफोन कानात घालायचा, आणि तास चालू असतानाच त्या तिकडून बघून मला सूचना द्यायच्या. पास-नापासही त्यांच्याच हातात.

आणि माझ्या नशिबी आला भोंगा! शेवटच्या बाकावरची आठ वर्षांची मुलगी. नाव वर्गानंच ठेवलेलं. ती गायला लागली की अख्ख्या वर्गाच्या सुराचा बट्ट्याबोळ. सोमवारी माझं डोकंच फिरलं. जवळ जाऊन हळूच म्हटलं, "बाळा, तू नुसते ओठ हलव हं. आवाज नको." तिनं शहाण्यासारखी मान डोलावली. गाणं झकास चाललं आणि माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात कानात बाई म्हणाल्या, "शेवटच्या बाकावरची काय सुरेख गातेय हो!"

मी पाहिलं. भोंगा नुसते ओठ हलवत होती. म्हटलं, बाईंच्या कानांचं काही खरं नाही. पण घरी फोनमधलं त्या तासाचं रेकॉर्डिंग लावलं, तर सगळ्यांच्या वर तो एकच आवाज, स्वच्छ, सुरात. अंगावर सरसरून काटा आला.

बुधवारी तिची आई शाळेत आली. "बाई, पोरगी सोमवारपासून एक शब्द बोललेली नाही. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. वर्गात काही झालं का हो?"

"छे, काही नाही," मी म्हटलं. खोटारडी कुठली मी!

गुरुवारी शेवटचा पाठ. सगळ्यांना गप्प बसवलं आणि तिच्या बाकाशी गुडघे टेकले. "गा गं राणी. बेसूर गा, भोकाड पसर, पण आवाज काढ." तिनं तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या. वर्गात फक्त पंख्याची घरघर.

माझ्या कानातल्या इअरफोनमध्ये मात्र ती गात होती.

"अहाहा!" बाई म्हणाल्या. "तिला एकटीला गायला लावलंत, हे फार छान केलंत. तुम्ही पास."

मी इअरफोन उपटला आणि तिच्या कानात घातला. ती ऐकत राहिली. मग तिनं माझ्यापुढे तळहात पसरला, वर्गात जप्त केलेली वस्तू मुलं परत मागतात तसा.