काट्याची चूक

औषधाच्या कारखान्यात गोळ्यांची वजनं तपासणं हे तिचं काम. कुठल्याही दोन गोळ्या तंतोतंत सारख्या भरत नाहीत; किती फरकाकडे डोळेझाक करायची, ते ती ठरवायची. तिनं सोडून दिलेला फरक पुन्हा कुणी उकरून काढत नसे.

नवरा चित्रकलेचा मास्तर, अंगानं चांगला भरलेला. दर रविवारी आंघोळीआधी तो घरातल्या वजनकाट्यावर उभा राही आणि तिला हाक मारी.

"साहेब, पाव किलो उतरलं."

"काट्याची चूक. एवढं धरायचं नसतं."

"मग माझं पोटही काट्याची चूक समजा."

पुढच्या रविवारी आणखी थोडं उतरे. ती मागच्या रविवारशी ताडून पाही आणि सोडून देई.

कारखान्यात नव्या मुलींना मात्र ती बजावत असे, "फरक लहान असला तरी एकाच बाजूला झुकत चालला असेल, तर यंत्र थांबवा. आणि आधीच्या गोळीशी ताडू नका गं, ठरलेल्या वजनाशी ताडा."

बऱ्याच महिन्यांनी नणंद आली. दारातच थबकली. "दादा, शर्ट कुणाचा घातलायस?"

तो हसला. "माझाच. धुऊन धुऊन वाढलाय."

नणंद हसली नाही. तिनं वहिनीकडे पाहिलं.

मागच्या वर्षीचं त्याचं वजन तिला पाठ होतं. वजाबाकी तिनं त्या दिवशी पहिल्यांदा केली.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून बाजूला ठेवले. "आजार फार पसरलाय. आता दुखणार नाही, एवढं बघू." पुढे काय काय होईल, तेही त्यांनी तिला एकटीला सांगितलं. शेवटी शेवटी अंगात पाणी साठेल, म्हणाले.

रविवारचं वजन त्यानं सोडलं नाही. ती दंड धरून त्याला काट्यावर चढवायची. बोटांना हाड लागायचं.

एका रविवारी तो काट्याकडे बघतच राहिला. "साहेब, किलोभर वाढलंय."

तिनं खाली पाहिलं. पावलं सुजून चकाकत होती.

"का ही पण काट्याची चूक?"

"नाही हो," ती म्हणाली. "एवढं म्हणजे धरायचं."

तो खुशीत उतरला. चपलेत पाय जाईना, तेव्हा ती खाली बसली आणि तिनं चपलेचा पट्टा सैल केला.