पासिंगचे टायर

योव्हाना तायपे हिचा दिवस खड्ड्यात सुरू व्हायचा. तपासणी केंद्राच्या शेडमध्ये गाड्यांच्या रांगेखाली पुरुषभर खोल सिमेंटचा खड्डा होता. डोक्यावर गाडी येऊन उभी राहिली, की बॅटरी आणि टोकदार हातोडी घेऊन ती गाडीचं पोट तपासायची. सहा वर्षं ती हेच काम करत होती. त्या केंद्रात खड्ड्यात उतरणारी बाई ती एकटीच.

डोंगरातल्या गावांना जाणाऱ्या व्हॅना बहुतेक जपानहून वापरून आलेल्या. मूळच्या मालवाहू, उजवीकडचं स्टिअरिंग उपटून डावीकडे बसवलेलं, मालाच्या जागी बाकं ठोकलेली. त्या कशात नापास होतात हे योव्हानाला तोंडपाठ होतं. गुळगुळीत टायर, एकाच बाजूला धरणारे ब्रेक, खुळखुळणारं स्टिअरिंग, नावापुरता हँडब्रेक. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खालून गंजलेली चासी, कारण ती कुणाला दिसत नाही.

त्या मंगळवारी चौथी गाडी आली ती तिच्या वडिलांची. मेलितोन तायपे वायापाता गावाहून शहरापर्यंत रोज चौदा माणसं, त्यांची गाठोडी आणि एखादं मेंढरू घेऊन येत. योव्हानानं वर पाहिलं आणि तिची नजर मागच्या डाव्या टायरवर थांबली. त्याच्या कडेला हिरव्या रंगाचा ठिपका होता. हा टायर तिनं त्या महिन्यात आणखी तीन गाड्यांवर पाहिला होता.

हे चार टायर वायापाताच्या चालक संघटनेचे होते. संघटनेच्या खोलीत ते झाकून ठेवलेले असत. ज्याची तपासणी जवळ येई, तो ते घेऊन जाई, गाडी पास करून आणी, आणि संध्याकाळी काढून पुढच्याच्या दारात ठेवी. मग गाडीला पुन्हा तिचे जुने, गुळगुळीत टायर लागत. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. जत्रेला शेजारची मोठी पातेली आणावीत, तितक्या सहज ते मागितले जात. ‘पासिंगचे टायर’ म्हणजे गावाचा एकोपा, असं संघटनेचा अध्यक्ष फोर्तुनातो अभिमानानं सांगे.

योव्हानानं वर येऊन केंद्राच्या साहेबांना ठिपका दाखवला. साहेब शांतपणे म्हणाले, की आज जी गाडी समोर उभी आहे ती आपण तपासतो. उद्या तिला काय लागेल ते आपल्या फॉर्ममध्ये नाही. त्यांचं चुकत नव्हतं. राजधानी लिमाहून छापून येणाऱ्या त्या फॉर्ममध्ये टायर कुणाचा, असा रकाना खरोखरच नव्हता.

ती पुन्हा खाली उतरली. स्टिअरिंगचा डबा जिथे चासीला बसतो, तिथे नवं डांबर फासलेलं होतं. तिनं हातोडीचं टोक टेकवून दाबलं. टोक पोळीत जावं तसं आत गेलं. तिनं ‘नापास’ लिहिलं आणि सही केली.

मेलितोननं कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला. “घरी सांगितलं असतंस तर चाललं नसतं का, पोरी?” एवढंच ते म्हणाले.

गाडी अकरा दिवस दारात उभी राहिली. त्या अकरा दिवसांत वायापाताला योव्हानाचं नाव नकोसं झालं. रविवारी ती घरी आली तेव्हा शेजारच्या बायका तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलल्या. चीज विकणारी सातुर्निना काकी, जिनं लहानपणी योव्हानाचं बोट धरून तिला शाळेत सोडलं होतं, तीही कुरकुरली. दोन वेळा तिला चिजाचं ओझं पाठीवर घेऊन दुसऱ्या गावच्या फाट्यापर्यंत चालावं लागलं होतं. “तू शिकलीस ते बरं झालं बाई,” ती म्हणाली, “पण माझे गुडघे काही शिकलेले नाहीत.”

शेवटी मेलितोननं गावच्या वेल्डरकडून गंजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवून घेतला, पासिंगचे टायर पुन्हा लावले आणि गाडी तीन तासांवरच्या दुसऱ्या केंद्रात नेली. ती पास झाली. काचेवर नवा स्टीकर लावून ते घरी आले, तेव्हा योव्हाना वाट पाहत बसली होती. गंजलेल्यावर वेल्डिंगचा टाका धरत नाही, हे तिनं त्यांना परोपरीनं सांगितलं. गाडी मोडीत काढा म्हणाली. ते ऐकून घेत होते, सोललेले बटाटे तिच्यापुढे सरकवत होते. गावात कुणाची गाडी वेगळी आहे, असं त्यांनी विचारलं.

तीन आठवड्यांनी, गुरुवारच्या बाजाराला जाताना, नदीच्या वरच्या वळणावर मेलितोननं स्टिअरिंग फिरवलं आणि ते हातात नुसतंच फिरलं. टाका उचकटला होता. त्यांनी ब्रेक दाबला. गुळगुळीत टायर खडीवरून घसरत गेले. गाडी दरडीवर आदळून उलटली. मेलितोनच्या बरगड्या मोडल्या, बाकीच्यांना खरचटलं, कुणाचे हात मोडले. सातुर्निना काकी बाकासकट खाली आली होती. ती जागीच गेली.

पोलिसांनी चेंदामेंदा झालेली गाडी योव्हानाच्याच केंद्रात आणून टाकली. तांत्रिक कारण लिहून हवं होतं. साहेबांनी कागद पाहिले: तपासणी वैध, स्टीकर ताजा. गाडी निर्दोष असेल तर दोष चालकाचाच, म्हणून त्यांनी ‘अतिवेग’ लिहिलं. योव्हानानं उचकटलेला टाका दाखवला, टायर दाखवले. साहेबांनी मान खाली घातली. वैध कागदावर बोट ठेवलं तर दुसऱ्या केंद्रावर आरोप होईल, आणि मग आपल्याही जुन्या फायली उघडतील, असं ते हळू आवाजात म्हणाले.

ती तडक इस्पितळात गेली.

“बाबा, तुम्ही किती वेगात होतात?”

“तीस. त्या वळणावर तीसच्या वर मी कधी गेलोय?”

“त्यांनी अतिवेग लिहिलंय. तुम्हाला तुरुंगात घालतील.”

“लिहू दे,” मेलितोन म्हणाले. “टायरांचं निघालं तर सगळ्याच गाड्या बंद पडतील. गर्भार बायका, तापानं फणफणलेली पोरं कशानं खाली आणायची? मी एकटा गेलो तर गाव चालत राहील. तू काही बोलू नकोस.”

योव्हानाला वाटलं, आपण त्यांचे दोन्ही खांदे धरून हलवावेत. पण त्यांच्या छातीला पट्टे बांधले होते. ती पाण्याचा पेला त्यांच्या ओठांशी धरून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं दोन पानी निवेदन लिहून पोलिस चौकीत दिलं. हवालदारानं ते घेतलं आणि फॉर्म पूर्ण भरलेला असल्यामुळे ते कुठे लावायचं हे आपल्याला माहीत नाही, असं सांगितलं.

अपघातानंतर पाचव्या दिवशी गावाच्या रीतीप्रमाणे मेलेल्या बाईचे कपडे धुवायला सगळे नदीवर उतरले. बायका सातुर्निनाचे लोकरी घागरे पाण्यात तुडवत होत्या, पुरुष काठावर थकवा घालवणारी कोकाची पानं चघळत बसले होते. योव्हाना उभी राहिली. बाबा तीसच्या वेगात होते, असं तिनं सांगितलं. हातोडी कुठे आत गेली, टाका कुठे सुटला आणि टायर कुणाचे होते, तेही सांगितलं.

फोर्तुनातो म्हणाला, की आज हे बोलायचा दिवस नाही. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, बापाला वाचवायला गावाला बुडवते.

कपडे वाळल्यावर शहराकडे जाणारी फोर्तुनातोची व्हॅन रस्त्यावर उभी राहिली. माणसं चढू लागली. सातुर्निनाची मुलगी नियेवेस पायरीवर एक पाय ठेवून थांबली.

“ही गाडी तू बघितलीयस?” तिनं योव्हानाला विचारलं.

अंगातल्या काळ्या कपड्यांसकट योव्हाना रस्त्यावर आडवी झाली आणि चाकांमधून आत सरकली. फोर्तुनातोनं इंजिन सुरू केलं, मग बंद केलं. बाई खाली असताना गाडी हलवणार कशी? सगळे तिचे बाहेर राहिलेले दोन पाय पाहत उभे होते.

ती बाहेर आली तेव्हा केसांना माती आणि ग्रीस लागलं होतं. “पुढच्या उजव्या चाकाचा सांधा सुटत आलाय,” ती म्हणाली. “ब्रेकचं तेल गळतंय. मी असते तर चढले नसते.”

“मग जायचं कशानं?” नियेवेसनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

“मला माहीत नाही,” योव्हाना म्हणाली.

नियेवेसनं पाय खाली घेतला. तिच्यामागून आणखी चार जणी उतरल्या. बाकीच्या नऊ जणांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते बसून राहिले. कुणाला दवाखाना होता, कुणाला कामावर हजर व्हायचं होतं. गाडी सुटली.

योव्हाना त्या पाच जणींबरोबर चालत निघाली. पायी शहर सहा तासांवर होतं.

फोर्तुनातोची गाडी त्या दिवशी सुखरूप पोहोचली. दुसऱ्या दिवशीही पोहोचली. गावात त्या पाच जणींना लोक हसले. आजही, हे लिहीत असताना, ती गाडी त्याच सांध्यावर धावते आहे, काचेवर स्टीकर आहे, आणि मेलितोन तायपे अतिवेगाच्या आरोपाखाली कोठडीत आहेत. दर गुरुवारी त्यांची मुलगी रजा टाकून वायापाताच्या फाट्यावर येते आणि सुटण्याआधी प्रत्येक गाडीखाली शिरते. तिला कुणी अडवत नाही. तिचं कुणी ऐकतही नाही. ती बाहेर येऊन, कपडे झटकून, जे दिसलं ते मोठ्यानं सांगते, आणि आत बसलेली माणसं खिडकीतून दुसरीकडे पाहतात.