अंबूच्या घरचं पाणी

मी एक म्हातारा फिरकीचा तांब्या आहे, आणि गेल्या अकरा वर्षांत माझं झाकण उघडलेलं नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी माझ्यासारखा तांब्या पाहिला नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. माझ्या गळ्याला आटे आहेत. झाकण त्यांवर फिरवून घट्ट बसवायचं आणि वरच्या कडीला धरून मला उचलायचं. प्रवासाला निघालेल्या माणसाचं पाणी सांभाळायचं, एवढाच माझा धंदा. सध्या मी वडनेर भोलजीच्या एका घरात, भिंतीतल्या देवळीत, हिरवा पडून बसलो आहे. माझ्या पोटात पाणी आहे. ज्याच्यासाठी ते भरलं, तो माणूस आता नाही.

माझा जन्म मलकापुरातल्या एका तांबटाच्या दुकानात झाला. या तांबटाला आट्यांचं भारी वेड. अंग त्याने एका दिवसात ठोकलं, पण आटे घासत दोन दिवस बसला. शेवटी त्याने मला पाण्याने भरलं, झाकण पिळलं आणि कोरड्या राखेवर दुपारभर उलटं टांगून ठेवलं. राखेवर एक डाग पडला नाही.

"थेंब बाहेर येनार नाई, मालक," तो गिऱ्हाइकाला म्हणाला. "आला तं मले परत आनून द्या."

त्या दिवशी मी इतका फुगलो होतो की सांगायची सोय नाही. या स्तुतीची पुढे मला लाज वाटणार आहे, हे तेव्हा मला कुठून कळणार?

ते गिऱ्हाईक म्हणजे उकंडराव. वडनेरचे जमीनदार शेतकरी, कपाशी आणि ज्वारीचं मोठं रान, गावात शब्दाला वजन. त्यांना एकच लेक, अंबू. जावई शेषराव खामगावला मॅट्रिक झाले आणि ब्रह्मदेशात, रंगूनला, लाकडाच्या वखारीत कारकून म्हणून लागले. अंबू त्यांच्याबरोबर समुद्रापलीकडे गेली त्याला चार वर्षं झाली होती. तिच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ असे, 'बाबा, एकदा येऊन जा.' अखेर त्या साली पाडवा झाल्यावर उकंडराव निघाले.

पण एक अडचण होती, आणि तिच्यासाठीच माझी खरेदी झाली होती. आमच्याकडे रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीही प्यायचं नाही. लेक पलीकडच्या गावात दिलेली असली तर बाप सकाळी जातो, ओट्यावर बसतो, तिला डोळे भरून पाहतो आणि तहानलेला घरी येतो. रंगूनहून संध्याकाळी घरी कसं येणार? अंबूला अजून मूल नव्हतं. तेव्हा उकंडरावांनी सोबत ज्वारीचं पीठ घेतलं, तवा घेतला आणि मला घेतलं.

त्यांची बायको रुखमाबाई गुडघ्यांनी अधू, म्हणून मागे राहिली. निघताना ती म्हणाली, "इतक्या दूर जाऊन राह्यले, तं पेऊन घ्या ना तिच्या हातचं. तिथं कोन पाहाले येते?"

"मी पाहातो ना," उकंडराव म्हणाले.

मित्रांनो, मी तो प्रवास केला आहे, म्हणून चार गोष्टी सांगतो. कधी जाल तर उपयोगी पडतील. नांदुऱ्याला गाडीत बसायचं, नागपूरला बदलायची आणि दोन रात्रींनी कलकत्ता. तिथे बोटीवर चढण्याआधी देवी टोचल्याचा कागद पाहतात. तो धोतराच्या सोग्यात बांधू नका, घामाने शाई उतरते. उकंडरावांची उतरली आणि त्यांना दुसऱ्यांदा टोचून घ्यावं लागलं. बोटीवर साध्या तिकिटाचे सगळे उघड्या डेकवर सतरंजी टाकून बसतात. जागा चुलीजवळ धरू नका आणि नांगराच्या साखळदंडाजवळही धरू नका. हे शहाणपण आम्हाला फकीर मोहम्मद यांनी दिलं. ते आपल्या रोहिणखेडचे, रंगूनला भावाकडे त्यांची चौथी खेप. पोटात ढवळलं की लिंबाचं लोणचं चाटायचं, हेही त्यांनीच शिकवलं. तीन दिवस ते उकंडरावांच्या शेजारी बसले, आणि मुलखाच्या बोलीत बोलायला माणूस मिळाला म्हणून दोघंही खूश होते. माझ्या खरेदीचं कारण मात्र त्यांना पटलं नाही.

"भाऊ, तुमची रीत हाय, मी काय बोलू?" ते म्हणाले. "पन पोरगी समुद्रापार हाय. तिले काय वाटन?"

उकंडरावांनी सतरंजी झटकून पुन्हा अंथरली.

बंदरावर अंबू उभी होती. बापाला पाहून ती हसत होती आणि रडतही होती. घरी पोचल्यावर तिने पाय धुवायला पाणी दिलं, ते उकंडरावांनी घेतलं. मग ती आतून लोटीभर पाणी घेऊन आली.

"घ्या बाबा. इथलं पानी गोड हाय, आपल्या आडासारखं मचूळ नाई."

"ठेव माय खाली. मी आनलं हाय माह्यं," असं म्हणून त्यांनी माझं झाकण फिरवलं. माझ्यात कलकत्त्याच्या धक्क्यावर भरलेलं, कोमट झालेलं पाणी होतं. ते त्यांनी घटाघट प्यायलं. अंबू लोटी घेऊन उभीच होती. तिला रीत ठाऊक नव्हती असं नाही. पण चार वर्षांत तिला वाटलं असावं, की रीत बोटीवर चढत नसेल.

तीन आठवडे हेच चाललं. उकंडराव मागच्या अंगणात तीन विटांची चूल मांडून स्वतः भाकरी थापत. त्यांच्या भाकरीला गावातल्या कुत्र्यानेही नावं ठेवली असती. माझ्यात पाणी ते रस्त्यावरच्या नळाचं भरत. अंबूच्या घरातला माठ त्याच नळाच्या पाण्याने भरला जाई. पाणी एकच, फक्त मधे लेकीचा हात नको. मला तेव्हाही हे कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. पण तांब्याला कोण विचारतो?

एवढं सोडलं तर दिवस सोन्यासारखे गेले, हे मी कबूल करतो. शेषरावांनी सगळं रंगून दाखवलं. सोन्याने मढवलेलं प्रचंड देऊळ दाखवलं. तिथे पायऱ्यांच्या खालीच जोडे काढायचे असतात, आणि दुपारी गेलात तर वरच्या फरशीवर पाय पोळतात, म्हणून सकाळीच जा. वखारीत हत्ती सागाचे ओंडके सोंडेने उचलून एकावर एक रचत होते. एक ओंडका वाकडा पडला तर हत्तीने परत येऊन तो सरळ केला. उकंडराव म्हणाले, "आपल्या वावरातल्या सालदारापेक्षा हा बरा." बाजारात म्हाताऱ्या बाया मनगटाएवढ्या जाड विड्या ओढत बसलेल्या होत्या. ते पाहून ते इतके हसले की अंबूला त्यांना धरावं लागलं. चार वर्षांची भेट ती डोळ्यांनी पिऊन घेत होती. फक्त रोज रात्री जेवणाची वेळ झाली की दोघंही अवघडत.

मग त्यांच्या नव्या वर्षाचा सण आला. त्या मुलखात त्या दिवशी लोक एकमेकांवर पाणी ओततात. ओळख लागत नाही. रस्त्याने जाणाऱ्यावर बादल्या रिकाम्या करतात, आणि ज्याच्यावर ओतलं तो हात जोडतो. आमच्याकडे चैत्रात आड तळाला गेलेला असतो. उकंडराव तोंड उघडं टाकून पाहत राहिले. तेवढ्यात एका ब्रह्मी पोरीने वाटीभर सुवासिक पाणी त्यांच्या खांद्यावर ओतलं. ओठांवर आलेले थेंब त्यांनी जिभेने टिपले आणि ते लहान पोरासारखे हसले.

अंबू मागे उभी होती. ती हसली नाही. "परक्याच्या पोरीचं पानी चालते बाबा," ती म्हणाली. "माह्यं काऊन नाई चालत?"

उकंडरावांचं हसू मावळलं. "तुले लेकरू होऊ दे, माय. मंग तुह्या घरी येऊन घागरभर पेतो."

"आन नाईच झालं तं?"

मी त्यांच्या हातात होतो. त्यांची बोटं माझ्या कडीवर आवळली गेली, एवढं मला कळलं. त्यांनाही प्यायचं होतं, मित्रांनो. ते दुष्ट नव्हते. आपण रीत मोडली आणि लेकीची कूस उजवली नाही तर, ही भीती त्यांच्या पोटात होती. ती त्यांनी तिला कधी बोलून दाखवली नाही. दाखवली असती तर ती इतकी दुखावली नसती.

निघायच्या सकाळी अंबूने मला उचललं, स्वतःच्या हाताने आतून-बाहेरून घासलं आणि आपल्या माठातल्या पाण्याने काठोकाठ भरलं. झाकण तिने सगळा जोर लावून पिळलं.

"बाबा, हे इथं पेऊ नका. वाटेत बी पेऊ नका," ती म्हणाली. "घरी नेऊन ठेवा. लेकरू झाल्याचं माह्यं पत्र येईन, त्या दिवशी पेजा. मंग तं चालते ना?"

"हाव," उकंडराव म्हणाले, आणि तोंड फिरवून त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

परतीच्या तीन दिवसांत ते बोटीवरच्या नळाला ओंजळ लावून पाणी प्यायले. जन्मात कधी चारचौघांत नळाला ओंजळ न लावलेला माणूस तो. मला त्यांनी मांडीवर धरून आणलं. वडनेरला आल्यावर मी या देवळीत बसलो. लोक मला पाहायला येत. हलवून कानाशी धरत आणि म्हणत, "थेंब सांडला नाई बाप्पा, रंगूनहून!" माझा मान वाढला होता. रुखमाबाई दर आठवड्याला मला चिंचेने घासायची.

अडीच वर्षांनी दिवाळीत पत्र आलं. अंबूला दिवस गेले होते, शिमग्याच्या सुमारास बाळ होणार होतं. उकंडरावांनी ते पत्र गावात तीन जणांकडून वाचून घेतलं, जणू एकाने चुकीचं वाचलं असेल. रोज सकाळी ते माझ्याकडे पाहून जात. आता माझं झाकण उघडणार, म्हणून मीही वाट पाहत होतो.

त्याच डिसेंबरात रंगूनवर बॉम्ब पडले. पत्रं बंद झाली. शिमगा गेला, पाडवा गेला. रोज टपालवाल्याची वाट पाहत उकंडराव पारावर बसत. ज्येष्ठात एका दुपारी दारात एक माणूस आला. पायाला चिंध्या, गालाची हाडं वर आलेली. रुखमाबाईने त्याला भिक्षेकरी समजून पसाभर ज्वारी आणली. ते शेषराव होते.

बोटीत जागा मिळाली नव्हती. हजारो माणसांबरोबर तीही दोघं डोंगरांतून चालत निघाली होती. अंबूला आठवा महिना होता. वाटेत पटकीची साथ आली, आणि पुढे शेषराव एकटेच चालत आले.

"चांगलं पानी नव्हतं मामाजी," शेषराव खाली मान घालून म्हणाले. "जे भेटलं ते पेलो."

उकंडरावांनी जावयाला जेवू घातलं, त्याच्या पायांना तेल लावायला सांगितलं. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले. झाकणावर हात ठेवला आणि तसाच काढून घेतला. पत्र आलं नव्हतं. ते यायचंही नव्हतं. त्या दिवसापासून मला घासणं बंद झालं. माझ्याकडे पाहणं घरात कुणालाच सोसत नव्हतं. आट्यांच्या फटीत हिरवा कळंक चढत गेला.

चार वर्षांनी, ऐन वैशाखात, उकंडराव अंथरुणाला खिळले. एका दुपारी त्यांचा श्वास लागला. रुखमाबाई गंगेच्या पाण्याची कुपी घेऊन आली. त्यांनी मान हलवली आणि देवळीकडे बोट केलं.

"मले माह्या लेकीच्या घरचं दे."

रुखमाबाईने मला खाली काढलं. झाकण फिरेना. शेजारचा कडूबा धावत आला. त्याने फडकं गुंडाळून पिळलं, गुडघ्यात धरून पिळलं, वरवंट्याने ठोकलं. मी मलाच शिव्या देत होतो. सूट, एकदा सूट! पण दोन दिवस घासलेले ते आटे, थेंब बाहेर न सोडणारे, ते थेंब सोडायला तयार नव्हते. कडूबा छिन्नी आणायला पळाला. अंथरुणावर ओठ हलत होते.

रुखमाबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग ती उठली आणि आपल्या घरच्या रांजणातलं पाणी वाटीत घेऊन आली. आमच्या आडाचं, मचूळ. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन तिने वाटी ओठांना लावली.

"घ्या. अंबूच्या घरचं हाय."

ते प्यायले. एक घोट, मग दुसरा.

"गोड हाय गं," उकंडराव म्हणाले.

कडूबा छिन्नी घेऊन आला तेव्हा ते गेले होते. रुखमाबाईने त्याला मला हात लावू दिला नाही. अजूनही देत नाही. दर अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांचा घट भरला की ती मला खाली काढते, कानाशी धरून हलवते आणि आतला आवाज ऐकून परत ठेवते.

मित्रांनो, आपली कहाणी सांगणारे माझ्या जातीचे लोक शेवटी विनवणी करतात, की आम्हाला घासा, कल्हई करा, अडगळीत टाकू नका. मला त्यातलं काही नको. कधी लांब कुणाच्या घरी जाल, आणि तिथलं आपलं माणूस पाण्याची लोटी पुढे करून उभं राहील, तेव्हा ती लोटी हातात घ्या. तहान नसली तरी एक घोट प्या. अशाच पाण्याची मी किती वर्षं राखण केली, आणि ते कुणाच्याही तोंडाला लागलं नाही.