टिल्बरीची नोट

व्हर्लिन स्टुट्झके हॉलवर पोचला तेव्हा लिलाव सुरू व्हायला अवकाश होता. आज ओर्वल हासेच्या घरचं सगळं सामान विकायचं होतं, त्यात त्याचा जुन्या नोटांचा संग्रहही होता. ओर्वल मार्चमध्ये गेला. व्हर्लिन अंत्यविधीला गेला नव्हता. भांडण होतं ना!

भांडण टिल्बरीच्या नोटेवरून. एके काळी नेब्रास्कातल्या लहानसहान गावांतल्या बँकासुद्धा आपापल्या नावाच्या नोटा काढत. टिल्बरी हे व्हर्लिनचं गाव. तिथल्या बँकेची एकच नोट आता शिल्लक होती आणि तिच्यावर कॅशियर म्हणून त्याच्या आजोबांची सही होती. दुसऱ्याच्या गावच्या नोटेवर बोली लावायची नाही, हा नोटा जमवणाऱ्या या छांदिष्ट मंडळींचा अलिखित नियम. ओर्वलनं तो भर लिलावात मोडला आणि नोट पळवली. तेव्हापासून दोघांत अबोला. मात्र प्रत्येक लिलावाला दोघे हजर! एकानं हात वर केला की दुसरा करणारच, मग नोट हवी असो वा नसो. बायको गेल्यावर तर व्हर्लिनला दाढी करायला तेवढंच निमित्त उरलं होतं.

ओर्वलची मुलगी जॅनेल त्याच्यासाठी कॉफी घेऊन आली.

"काका, ती नोट लिलावातून काढू का? खरं तर तुमचीच आहे."

"काही नको. तुझ्या बापानं चार लोकांसमोर घेतली, मीही चार लोकांसमोरच घेणार."

"बाबा म्हणायचे, नोट दिली की व्हर्लिन माझ्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही."

"बरोबर ओळखलं होतं त्या खडूसानं," व्हर्लिन म्हणाला आणि कपात बघत बसला.

नोटेची पाळी आली. "आठशे डॉलर!" लिलाववाल्यानं पुकारलं. व्हर्लिननं हात वर केला.

"आठशे, एक वार..."

कोणी हललं नाही. बाकीचे सगळे ओर्वलच्या ट्रॅक्टरसाठी आणि बंदुकांसाठी आले होते.

"आठशे, दोन वार..."

व्हर्लिनचा हात पुन्हा वर गेला. "नऊशे!"

"अहो आजोबा, आठशेची बोली तुमचीच आहे! स्वतःशीच भांडताय होय?"

सगळा हॉल हसला. व्हर्लिनचे कान लाल झाले, पण हात खाली आला नाही. आठशेला घेतली तर ओर्वलनं ती सुखासुखी सोडल्यासारखं झालं असतं. आणि ओर्वलनं जन्मात काही सुखासुखी सोडलं नव्हतं.

"नऊशेच लिहा," तो म्हणाला. "ओर्वल आठशेला थांबला नसता."

"बरं बाबा, नऊशे! आणखी कोणी?"

व्हर्लिननं मान वळवली. ओर्वल बसायचा त्या मागच्या रांगेत दोन बायका ॲपल-पाय खात बसल्या होत्या. हातोडा पडेपर्यंत तो त्यांच्याकडेच बघत राहिला. त्यांच्यातल्या एकीनं तरी हात वर करावा, असं त्याला फार फार वाटत होतं.