बुक्क्याचे दोन ठिपके

व्यासपीठापुढे काठ्यांचा ढीग पडला होता. वेताच्या, स्टीलच्या, चार पायांच्या. एकीवर तर नातवंडाने चिकटवलेला मोटारीचा स्टिकर. कात्रजच्या त्या मंगल कार्यालयात सकाळी दहालाच बसायला जागा नव्हती, आणि ज्यांना मिळाली होती त्यांना उठवायला माणूस लागत होता. सगळे साठीपुढचे, बहुतेक अंगाने भरलेले.

"काठी म्हणजे अविश्वास!" अचलनाथ महाराज माइकवर गरजले. "माउली, देह जड झाला म्हणून कुणी पडत नाही. पृथ्वीतत्त्व रुसलं म्हणून पडतो! हे अचलकडं पायात घाला, धरणी तुम्हाला सोडायची नाही. श्रीखंड खा, बासुंदी खा. व्यायाम बैलांनी करावा!"

टाळ्यांनी कार्यालय दणाणलं. श्रीखंड खा म्हणणारा डॉक्टर आजवर कुणालाच भेटला नव्हता.

वेणूबाईंनीही टाळ्या वाजवल्या. वय बहात्तर, वजन ब्याण्णव. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरून त्यांचं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण धीर मोडला तो मोडलाच. पडण्याच्या भीतीने चालणं सुटलं, चालणं सुटल्यावर वजन वाढलं आणि वजनाबरोबर भीतीही. या साऱ्यात गेलं ते कीर्तन. चाळीस वर्षं गल्लीतल्या विठ्ठलमंदिरातलं एकही आख्यान न चुकवलेली ही बाई वर्षभर गॅलरीत उभी राहून लांबून टाळ ऐकत होती. मंदिराला अकरा पायऱ्या. उद्यापासून कीर्तन सप्ताह. आज काठी महाराजांना वाहायची आणि उद्या ताठ मानेने वर चढायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"आई, खुर्चीतून रोज दहादा ऊठबस करा म्हणून वर्षभर मी घसा कोरडा केला," शेजारी बसलेली सून अपेक्षा म्हणाली. ती फिजिओथेरपिस्ट. "ते नको आणि हे कडं हवं?"

"तुझा देवावर विश्वासच नाही."

"देवावर आहे हो. ह्यांची अजून ओळख झालेली नाही."

तेवढ्यात शेजारच्या बिल्डिंगमधल्या दुर्गाबाई व्यासपीठावर चढल्या. महाराजांनी चिमूटभर बुक्का घेऊन त्यांच्या कपाळी लावला. "पावलं जोडा. हात बाजूला पसरा. डोळे मिटा." पसरलेला हात त्यांनी जरासा खाली दाबला मात्र, दुर्गाबाई कलंडल्या! दोन शिष्यांनी त्यांना झेललं. मग पायात कडं चढलं. महाराजांनी पुन्हा हात दाबला, दात-ओठ खाऊन दाबला. दुर्गाबाई खांबासारख्या उभ्या! त्यांची काठी ढिगात गेली.

"अगं वेणू, जमिनीने पाय धरल्यासारखं वाटतं!" दुर्गाबाई परत येऊन म्हणाल्या.

पण वेणूबाईंची नजर त्यांच्या पांढऱ्या स्वेटरवर खिळली होती. कीर्तनाहून आल्यावर पदराचा बुक्का चोळून चोळून काढण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना तो डाग लगेच दिसणार. बाहीवर दोन काळे ठिपके होते. एक मनगटापाशी, दुसरा पार कोपराच्या वर.

पुढचे गृहस्थ उतरले. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावरही दोन ठिपके. मनगटापाशी एक, कोपराच्या वर एक.

"अपेक्षा," त्या कुजबुजल्या, "दोन्ही वेळा एकाच जागी दाबत नाहीत गं हे."

अपेक्षा हसली. "आपलं दार आठवा. कडीपाशी बोट लावलं तरी उघडतं. बिजागरीपाशी ढकललं तर?"

"खांदा लावावा लागतो." वेणूबाईंनी हातातली काठी चाचपली. असू देत की ठिपके, मन म्हणत होतं, उद्या कीर्तन आहे. पण चाळीस वर्षं कीर्तनकारांनी एकच कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, भोंदूच्या नादी लागू नका म्हणून. मान तर तेव्हा त्याही डोलवत होत्या.

त्यांचं नाव पुकारलं गेलं. काठी टेकत त्या वर गेल्या. बुक्का लागला, हात दाबला, त्या कलंडल्या, झेलल्या गेल्या. पायात कडं आलं. महाराजांचा हात कोपराच्या वर पडला, तशी वेणूबाईंनी डोळे उघडले.

"महाराज, मघाशी मनगट दाबलंत. आताही तिथंच दाबा ना."

"संशय! संशयाने कड्याची शक्ती जाते, माउली."

"कडं माझ्या पायात, संशय माझ्या डोक्यात. मधे एवढं पोट आहे, तिथवर पोचायचा नाही तो. दाबा."

सभागृहात खसखस पिकली. महाराज दाबेनात, तेव्हा वेणूबाईंनी सुनेला वर बोलावलं. कडं पायात असताना अपेक्षाने मनगट दाबलं, वेणूबाई कलंडल्या. कडं काढून कोपराच्या वर दाबलं, वेणूबाई जागच्या हलल्या नाहीत!

"अहो, दुर्गाबाई," त्या वरूनच ओरडल्या, "बाहीवरचे ठिपके बघा!"

मग जो तो आपापली बाही बघू लागला. तो गोंधळ पाहून महाराजांनी काढता पाय घेतला. पायात स्वतःचं जाडजूड कडं, तरी कार्यालयाचा जिना उतरताना त्यांनी दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला होता.

"महाराज, सावकाश!" दुर्गाबाई ओरडल्या. "पृथ्वीतत्त्व रुसेल हं!"

काठ्यांच्या ढिगाशी एकच झुंबड उडाली. अपेक्षाने माइक घेतला. "पोट वाढलं की तोल पुढे जातो, आणि बसून राहिलं की पाय दुबळे होतात. वर ओली फरशी, सैल चपला, जुना चष्मा. कडं यातलं काय बदलणार? पाय बळकट करा, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवा, चक्कर येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि आधी आपापली काठी घ्या."

दुसऱ्या दिवशी वेणूबाई एका हातात काठी, दुसऱ्या हाताने कठडा धरून, तीनदा थांबत अकरा पायऱ्या चढल्या. जमिनीवर न बसता खुर्चीवर बसल्या. आरतीला शेजारणीने हात पुढे केला, तर म्हणाल्या, "थांब, दहातली एक ऊठबस इथेच होऊ दे." आणि उठल्या.

कीर्तनकारांनी कपाळी बुक्का लावला. वेणूबाईंनी हात जोडले. देवापुढे डोळे मिटावेत. देवाच्या नावाने कुणी आपला हात धरला, की मात्र ते उघडावेत. तेही त्यानेच दिलेत.