बनूबाईचा माळ

दौलतरावांनी श्वास आत ओढला, पोट जमेल तितकं पाठीला टेकवलं आणि पोराच्या, जितेशच्या, पँटचं बटण काजात घातलं. बटण बसलं, पण श्वास बाहेर सोडायची सोय राहिली नाही. अठ्ठावन्न वर्षांत त्यांनी धोतर आणि लुंगी सोडून दुसरं काही नेसलं नव्हतं, स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही. पण आज त्यांना पालेगावचे दौलतराव राहायचंच नव्हतं. आज ते मुरबाडचे शेठ होते.

झालं होतं असं, की जितेशला भाड्यावर चालवायला सुमो घ्यायची होती आणि त्यासाठी भाताचं खाचर विकावं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. बदलापूरची एक पार्टीही त्यानेच गाठली होती. गुंठ्याला चाळीस हजार, आणि येत्या शुक्रवारी इसार घेऊन व्यवहार पक्का. आता, घरातलं वर्षाचं भात त्या एका खाचरातून यायचं. ते गेलं म्हणजे तांदूळ पिशवीतून दुकानातनं आणायचा, या विचारानेच दौलतरावांच्या घशाखाली घास उतरेना. पोराला नाही म्हणवत नव्हतं आणि हो म्हणताना जीव तुटत होता. बरं, चाळीस हजार हे फार की थोडे, हेही कळायला मार्ग नव्हता. खाचरात किती मण भात होतं ते दौलतरावांनी झोपेत सांगितलं असतं. खाचराचा भाव मात्र त्यांनी उभ्या जन्मात कुणाला विचारला नव्हता.

गावात विचारायची तर सोयच नाही. दौलत विकायला निघाला, ही बोंब संध्याकाळच्या आत सगळ्या सोयऱ्यांत पोचली असती. मग त्यांनी डोकं लढवलं. विकणारा म्हणून विचारायचंच नाही, घेणारा म्हणून विचारायचं. ही अक्कल आपल्याला सुचली याचं त्यांना इतकं कौतुक वाटलं, की त्यांनी जितेशचा काळा चष्माही खिशात टाकला.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये एका कपड्याच्या दुकानावर नरेंद्र नावाच्या जमीन एजंटचं ऑफिस होतं. नरेंद्रने पंखा त्यांच्याकडे वळवला, थंडा मागवला आणि पाच मिनिटांत सात वेळा शेठ म्हटलं. दौलतरावांना आयुष्यात इतका मान फक्त जावयाच्या गावी मिळाला होता. त्यांनी घसा साफ करून, अंबरनाथच्या बाजूला, समजा पालेगावात वगैरे, काही आहे का म्हणून विचारलं.

"शेठ, एक नंबर पीस आहे," नरेंद्र म्हणाला. "चला, आत्ताच दाखवतो."

आणि त्याने मोटारसायकल काढली. आपल्याला आपल्याच गावात नेलं जाईल, ही गोष्ट डोकं लढवताना राहूनच गेली होती. गाव जवळ आलं तसा दौलतरावांनी चष्मा लावला, रुमाल नाकापर्यंत बांधला आणि ते नरेंद्रच्या पाठीआड बसले. माणसं फसली. पण त्यांच्याच घरचा मोती गाडी बघून उठला आणि शेपूट हलवत मागे धावू लागला.

"कुत्रा तुमच्यावर फिदा झालाय शेठ," नरेंद्र म्हणाला.

"सकाळी मटण खाल्लंय," दौलतराव रुमालातून म्हणाले.

गाडी खाचराशी थांबेल असं त्यांना वाटलं होतं. ती थांबली अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या खडकाळ माळावर. तिथे कुसळी गवताशिवाय काही उगवत नव्हतं. दौलतरावांना हसू आलं, कारण हा माळ म्हणजे त्यांच्या आयुष्यातला सर्वांत आवडता विनोद होता. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी बायकोच्या, बनूबाईच्या, सोन्याच्या पाटल्या मोडून बैलजोडी घेतली होती. सासरा भांडायला आला तेव्हा त्यांनी चार माणसांच्या देखत पाटल्यांच्या बदल्यात हा माळ बनूबाईच्या नावावर करून दिला. सासरा खूश होऊन गेला. पुढे गावातल्या एकूण एक हळदीला दौलतरावांनी हा किस्सा सांगितला. सोन्याच्या बदल्यात धोंडे देऊन सासऱ्याला कसं गंडवलं, म्हणून लोकही हसायचे आणि बनूबाई मुकाट्याने वाढत राहायची.

"हा काय दाखवता?" दौलतराव म्हणाले. "पाठी ते खाचर बघा की. भात कसलं येतं तिथं!"

"शेठ, तुम्हाला बिल्डिंग बांधायचीय का पेज प्यायचीय?" नरेंद्रने हातानेच खाचर उडवून लावलं. मग नीट समजावून सांगितलं. खाचरात पाणी साचतं, बांधकामाआधी भरणी करण्यातच घेणारा आडवा होईल. इथे फूटभर खाली खडक, पाया फुकटात मिळाल्यासारखा. आणि मुख्य म्हणजे रस्ता. खाचराला रस्ताच नाही, जायचं ते या माळावरून.

"खाचराचा मालक कुणी म्हातारा आहे म्हणतात," नरेंद्र म्हणाला. "माळवाल्या बाईने उद्या कुंपण घातलं ना, तर त्याला स्वतःच्या शेतात विमानाने उतरावं लागेल."

दौलतरावांनी वळून खाचराकडे पाहिलं. पँट फारच घट्ट झाल्यासारखी वाटत होती.

माळाच्या टोकाला एक बाई खडकावर गोवऱ्या थापत होती. नरेंद्र तिच्याकडे निघाला आणि दौलतरावांना मागोमाग जावंच लागलं. मोती आधीच तिथे जाऊन बसला होता. बनूबाईने वर पाहिलं. चष्मा पाहिला, रुमाल पाहिला, पँट पाहिली. शेणाचा हात तसाच अधांतरी राहिला, आणि मग तिने शांतपणे पुढची गोवरी थापली.

"पावणं कुठलं?" तिने नरेंद्रला विचारलं.

"मुरबाडचे शेठ आहेत काकी. तुमचा माळ बघायला आलेत."

"किती देतात?"

"दोन लाख गुंठा. शेठ पुढेमागे थोडं वाढवतील."

"दिवाळीला दीड सांगितला होता तुमी. त्याच्या आधी सव्वा." बनूबाईने हात गवताला पुसला. "विकायचा नाय मला."

नरेंद्र हसला. दर खेपेला हेच, तो दौलतरावांना म्हणाला, भाव विचारते आणि चहा पाजून परत पाठवते. मग तिच्याकडे वळून त्याने विचारलं, "काकी, विकायचं नाही तर भाव कशाला विचारता?"

"आज मला गरज नाय म्हणून तुमी खरा सांगता," बनूबाई म्हणाली. "गरज पडंल तवा सांगाल का?"

दौलतराव खाली बघू लागले. त्यांना तिथेच मटकन बसावंसं वाटलं, आणि ते खरंच बसले. पाठीमागे टर्रकन आवाज झाला. बनूबाईने पदर तोंडाला लावला आणि पावण्यांना जपून न्या, एवढंच नरेंद्रला सांगितलं.

संध्याकाळी जितेश घरी आला तेव्हा बाप ओटीवर धोतर नेसून बसला होता आणि आई पँट शिवत होती. शुक्रवारचं पक्कं ना, म्हणून त्याने विचारलं. दौलतरावांनी सांगितलं, पार्टीला येऊ नका म्हणून फोन कर, खाचर विकायचं नाही. जितेश चिडला, मग सुमोचं काय, म्हणाला. बनूबाईने मान वर न करता सांगितलं की आधी वर्षभर दुसऱ्याची चालव, डिझेलला किती जातं ते कळू दे. तो पाय आपटत आत गेला. पँटचा विषय मात्र कुणीच काढला नाही.

दौलतराव बनूबाईजवळ सरकून बसले. मग हळूच म्हणाले, "माळावरनं वाट... राहू देशील ना?"

बनूबाईने दोरा दाताने तोडला.

"माझ्या पाटल्या किती तोळ्यांच्या होत्या हो?"

"तीन."

"आज सोन्याचा भाव काय हाय?"

दौलतराव सावरून बसले. "का? घ्यायच्या हायेत?"

"नाय," बनूबाई पँटची घडी घालत म्हणाली. "गरज नाय. नुसता विचारते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतराव पुन्हा कॅम्प दोनला निघाले, या खेपेला धोतर नेसून. माळावरून जाताना त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. सोनाराकडे भावच तर विचारायचा आहे, नुसता विचारायचा, असं ते शेजारून चालणाऱ्या मोतीला सांगत होते.